बोलतो पोपट, म्हणतो कोण?

संगणकामुळे पडणाऱ्या तात्त्विक प्रश्नांविषयी लिहा, असे आवाहन मागच्या अंकात केले, तेव्हा मोबाइल दुरुस्तीच्या चौकशाच जास्त येतील अशी मला धास्ती होती. त्या आल्याच, पण त्यांच्या गठ्ठ्यात चार पत्रे अशी निघाली की त्यांच्यापुढे बाकीचे सगळे बाजूला ठेवावे लागले. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि नेहमीप्रमाणे नावे गाळली आहेत. चारही उत्तरांची लांबी सारखी नाही, त्याबद्दल कोणी रुसू नये. काही प्रश्नांनी मला आठवडाभर गुंतवून ठेवले आणि एकाचे उत्तर चहा निवण्याच्या आत सुचले.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत सत्तावीस वर्षे मराठी शिकवले. माझ्या नातीने फोनवरच्या चॅटबॉटला तुकोबांच्या एका अभंगाचा अर्थ विचारला. उत्तर वाचून मी चकित झाले. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना इतके नेटके लिहिता आले नसते. मग त्याच आशयाचा आणखी एक अभंग मी स्वतः मागितला. तो तत्काळ मिळाला, शेवटी ‘तुका म्हणे’सुद्धा होते. दोन दिवस गाथा चाळली. असा अभंग गाथेत नाही. त्या यंत्राला अर्थ कळतो की नाही? आणि कळत नसेल, तर पहिल्या उत्तरातून मला जो अर्थ कळला तो आला कुठून?
— एक निवृत्त शिक्षिका, वाई

उत्तर : आपण एका पत्रात दोन प्रश्न विचारले आहेत आणि माझ्या मते दुसरा पहिल्यापेक्षा मोलाचा आहे. पहिल्या प्रश्नावर गेली पाऊणशे वर्षे वाद चालू आहे. ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९५० साली ‘माइंड’ या त्रैमासिकात लेख लिहून ‘यंत्र विचार करते का?’ हा प्रश्नच बाजूला सारला आणि त्याच्या जागी एक खेळ सुचवला. परीक्षकाने पडद्याआडच्या माणसाशी आणि यंत्राशी केवळ टंकलिखित मजकुरातून बोलावे आणि त्यांतला माणूस कोणता ते ओळखावे. साधारण पन्नास वर्षांत अशी वेळ येईल की पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनंतर सामान्य परीक्षकाला बरोबर ओळख पटण्याची शक्यता ७० टक्क्यांहून जास्त राहणार नाही, असे भाकीतही त्यांनी केले होते. आपल्या नातीच्या पिढीला या खेळाचे अप्रूप उरलेले नाही.

त्यावरचा सर्वांत गाजलेला आक्षेप जॉन सर्ल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८० साली घेतला. चिनी भाषेचे एक अक्षरही न येणारा माणूस एका खोलीत बसला आहे. बाहेरून चिनी लिपीतल्या चिठ्ठ्या आत येतात. अमुक आकृती दिसली तर तमुक आकृती बाहेर द्यावी, असे त्याला कळणाऱ्या भाषेत लिहिलेले नियमांचे एक जाडजूड पुस्तक त्याच्याजवळ आहे. तो नियम पाळून चिठ्ठ्या बाहेर सरकवतो आणि बाहेरच्या चिनी माणसाला त्यांतून सुसंगत उत्तरे मिळतात. सर्ल विचारतात, आतल्या माणसाला चिनी कळले का? कळले नाही, हे उघड आहे. आणि संगणकही नेमके हेच करतो, असे त्यांचे म्हणणे. यावर प्रतिपक्षाचे उत्तर असे की माणसाला कळत नसेल, पण माणूस, पुस्तक आणि खोली मिळून जी व्यवस्था होते तिला कळते. सर्ल यांनी हे उत्तर जितक्या सहज उडवून लावले, तितके ते कच्चे आहे असे मला वाटत नाही. मेंदूतल्या एकाही पेशीला मराठी येत नाही, तरीही आपल्याला येते, हे कसे, याचा उलगडा सर्लच्या खोलीत बसून होत नाही.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण त्यावर आपल्याकडच्या शास्त्रकारांनी पाश्चात्त्यांच्या कितीतरी आधी डोके लढवले आहे. गणेशोत्सवात ज्या घरी अथर्वशीर्षाची आवर्तने होतात, त्या घरातली आठ वर्षांची मुलगी ते घडाघडा म्हणून दाखवते. तिला संस्कृत येत नाही. शेजारी बसलेल्या संस्कृतच्या प्राध्यापकांना मात्र तिच्या तोंडून अर्थ व्यवस्थित कळतो. बोलणाऱ्याजवळ अर्थ नाही आणि ऐकणाऱ्याला तो मिळाला, मग मधल्या मध्ये तो आला कुठून? न्यायशास्त्राने, म्हणजे तर्क आणि ज्ञान यांचा विचार करणाऱ्या आपल्या जुन्या दर्शनाने (त्याचे अनुयायी ते नैयायिक), वाक्यार्थ कळण्यासाठी ‘तात्पर्य’ आवश्यक मानले आणि तात्पर्य म्हणजे वक्त्याची इच्छा, अशी त्याची व्याख्या केली. ही व्याख्या स्वीकारली की पोपट आडवा येतो. पोपटाला काही सांगायचे नसते, तरी त्याच्या वाक्यातून आपल्याला अर्थ कळतो. सतराव्या शतकात, म्हणजे तुकोबांच्याच शतकात, विश्वनाथ न्यायपंचाननांनी ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त या पोपटाची सोय लावली आहे. पोपटाचे वाक्य खरे निघाले तर त्यामागचे तात्पर्य ईश्वराचे समजावे; आणि ते वस्तुस्थितीशी विसंगत निघाले, तर ते पोपटाला शिकवणाऱ्याचे समजावे. खऱ्याचे श्रेय देवाला आणि खोट्याचा दोष मालकाला, ही वाटणी वाचून मी पहिल्यांदा मोठ्याने हसलो होतो. आज चॅटबॉट बनवणाऱ्या कंपन्यांना नेमकी उलटी वाटणी हवी असते, हे लक्षात आल्यापासून हसू थोडे कमी झाले आहे.

वेदान्त्यांना नैयायिकांची ही तजवीज पसंत पडली नाही. धर्मराजाध्वरींद्रांच्या ‘वेदान्तपरिभाषे’त युक्तिवाद असा आहे की तात्पर्य म्हणजे उच्चारणाऱ्याची इच्छा मानली, तर अर्थ न जाणणाऱ्या माणसाने म्हटलेल्या वेदातून कोणालाच अर्थबोध होऊ नये, प्रत्यक्षात तो होतो, म्हणून तात्पर्य म्हणजे विशिष्ट अर्थाची प्रतीती करून देण्याची त्या वाक्याची स्वतःची योग्यता. आपल्या शंकेचे उत्तर येथे मिळते. ज्या यंत्राशी आपली नात बोलली, त्याला अफाट मजकुरावर तालीम दिलेली असते. समोर आलेल्या शब्दांच्या पाठोपाठ कोणता शब्द किंवा शब्दाचा तुकडा येण्याची शक्यता किती, याचा ते हिशेब करते, त्यांतला एक तुकडा उचलते, तो जोडते आणि पुन्हा तोच हिशेब मांडते. तुकोबांवर पिढ्यान्‌पिढ्या जे निरूपण लिहिले गेले, त्यातल्या शब्दांची ठेवण त्या हिशेबात मुरलेली असते. आपल्याला जो अर्थ मिळाला तो त्या शब्दांच्या योग्यतेतून मिळाला आणि सत्तावीस वर्षे मराठी शिकवल्यामुळे आपल्यापाशी तो ग्रहण करण्याची जी तयारी आहे, तिच्यामुळे मिळाला. यंत्राला तो कळला असलाच पाहिजे, असे त्यावरून ठरत नाही. आणि कळला नाही, असेही ठरत नाही.

मग दुसऱ्या अभंगाचे काय? येथे मराठीतला एक भेद आपल्या मदतीला येतो. आपल्याकडे ‘बोलणे’ वेगळे आणि ‘म्हणणे’ वेगळे. पोपट बोलतो, पण ‘पोपटाचे म्हणणे असे आहे की…’ हे वाक्य आपण थट्टेतच वापरू. म्हणणे असायला आपल्या शब्दांमागे उभे राहावे लागते, कोणी ‘कशावरून?’ असे विचारले तर उत्तर द्यावे लागते, आणि चूक निघाली तर मान खाली घालावी लागते. पैठणच्या रेड्याची आख्यायिका या दृष्टीने पुन्हा आठवून पाहावी. ज्ञानदेवांनी हात ठेवला आणि रेडा वेद बोलला, असे आपण म्हणतो. पण त्यानंतर ब्रह्मसभेने रेड्याला विद्वान ठरवून त्याचा सत्कार केल्याचे कोणत्याही कीर्तनकाराने सांगितलेले नाही. रेडा बोलला, पण म्हणणे ज्ञानदेवांचे होते, हे त्या सभेला कळत होते.

‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा म्हणजे हेच ‘मागे उभे राहणे’ आहे. सालोमालो नावाच्या गृहस्थाने तुकोबांच्या अभंगांवर स्वतःची मुद्रा घातली, असे वारकरी परंपरेत सांगतात. त्या प्रकरणात शब्द तुकोबांचे आणि मुद्रा दुसऱ्याची होती. आपल्याला मिळालेल्या अभंगात मुद्रा तुकोबांची आणि शब्द कोणाचेच नाहीत. त्यात कोणी लबाडीही केलेली नाही, आणि विश्वनाथांचा पोपट येथे अपुरा पडतो तो याचमुळे: शिकवणाऱ्याने खोटा अभंग शिकवला नव्हता. अभंगाच्या शेवटी सर्वांत संभवनीय असे जे शब्द असतात, तेच हिशेबाने बाहेर पडले. गाथेतल्या अभंगाला ‘तुका म्हणे’ शोभते, म्हणून ते आले. सालोमालोला निदान जाब तरी विचारता येत होता.

यंत्राला अर्थ कळतो का, याचा निकाल मी देत नाही, कारण ‘कळणे’ म्हणजे काय हेच आपल्याला पुरते कळलेले नाही. त्याचे ‘म्हणणे’ मात्र आज तरी नसते, एवढे मी निःशंकपणे लिहितो. या शेवटच्या वाक्यामागे मी उभा आहे. जाब मला विचारावा.

प्रश्न : माझ्या आईचे वय ७८ आहे. आयुष्यभर निंदणी-खुरपणी केल्यामुळे तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. एका कार्यालयात तिच्या अंगठ्याचा ठसा पाच वेळा घेतला, पाचही वेळा यंत्राने नाकारला. खिडकीवरचा माणूस तिला वीस वर्षे ओळखतो. तो म्हणाला, “काकू, सिस्टीम घेत नाही, मी तरी काय करू?” आई त्याला काही बोलली नाही, उलट घरी येऊन म्हणाली, त्याचा काय दोष? मग दोष कोणाचा?
— एक वाचक, अकोला जिल्हा

उत्तर : त्या माणसाच्या वाक्याचा कर्ता पाहा. ‘सिस्टीम’ हा शब्द तेथे कर्त्याच्या जागी बसला आहे. पूर्वी खिडकीवरचा माणूस ‘साहेब नाही म्हणतात’ असे सांगत असे. ते ऐकायलाही वाईटच होते, पण साहेबाची केबिन कुठे आहे हे विचारता येत असे.

यंत्रात काय घडते ते थोडे जवळून पाहू. बोट काचेवर टेकले की रेषा जेथे संपतात आणि जेथे त्यांना फाटे फुटतात त्या खुणा टिपल्या जातात आणि आधी नोंदवलेल्या खुणांशी त्यांची तुलना होते. तुलनेचे फळ ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे नसते; साम्य किती, याचा एक आकडा निघतो. तो आकडा ठरावीक रेषेच्या वर गेला तर यंत्र ‘आहे’ म्हणते. ही रेषा वर सरकवली तर तोतया आत शिरण्याचा धोका घटतो, पण झिजलेल्या बोटांचा खरा माणूस बाहेर राहण्याचा धोका वाढतो. खाली सरकवली तर याच्या उलट. दोन्ही चुका एकाच वेळी नाहीशा करता येत नाहीत. म्हणजे ती रेषा कुठे ओढायची हा गणिताचा प्रश्न नाही. एका तोतयाला रोखण्यासाठी किती खऱ्या माणसांना परत पाठवणे आपल्याला चालेल, हा न्याय-अन्यायाचा प्रश्न आहे, आणि तो कोणीतरी, कुठल्यातरी टेबलाशी बसून सोडवलेला आहे. त्याचे उत्तर आकड्याच्या रूपात यंत्रात गेले आणि मग ते निसर्गनियमासारखे दिसू लागले. आपल्या आईंना त्या दिवशी एका माणसाचा निर्णय लागू झाला. फक्त तो माणूस खिडकीत नव्हता.

हेलन निसनबॉम या तत्त्वज्ञ बाईंनी १९९६ साली संगणकयुगातील उत्तरदायित्वावर जो निबंध लिहिला, त्यात दोष अंगाला न लावून घेण्याच्या वाटा सांगितल्या आहेत. काम अनेक हातांतून जाते, म्हणून कोणताच एक हात दोषी ठरत नाही; आज्ञावलीत चुका असायच्याच, असे आपण गृहीत धरतो; आणि संगणकाला बळीचा बकरा केले की माणसे मोकळी होतात. तो खिडकीवरचा माणूस खोटे बोलला नाही, हे मी मान्य करतो. पण वीस वर्षे ओळखतो म्हणून त्याला जे ज्ञान होते, ते त्या व्यवस्थेत नोंदवायला जागाच ठेवलेली नव्हती, आणि ही जागा न ठेवणे हाच माझ्या मते मूळ दोष आहे. बुबुळांवरून ओळख पटवणे, मोबाइलवर येणारा सांकेतिक आकडा, किंवा सरळ वहीत नोंद करून जबाबदार माणसाने सही करणे, असे पर्याय असतात. ते तेथे होते का आणि नसतील तर का नव्हते, हे आपण लेखी विचारावे. लेखी यासाठी की उत्तराखाली कोणाला तरी सही करावी लागते.

सहीचा हा आग्रह बाबा आदमच्या जमान्यातला वाटेल, म्हणून आपल्याच राज्यातले एक प्रकरण सांगतो. जालना विधानसभा मतदारसंघात २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी तीनला संपत होती. एका उमेदवाराचा अर्ज तीनच्या आत आला की नंतर, हा वाद उच्च न्यायालयात गेला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे लावलेले होते आणि त्यांचे चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आले. पण ते चित्रीकरण खरे आहे असे त्या यंत्राचा ताबा असणाऱ्याने लिहून द्यायचे प्रमाणपत्र पुनःपुन्हा मागूनही मिळाले नाही. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींनी निर्णय दिला की मूळ यंत्रच न्यायालयात हजर केलेले नसेल, तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालचे असे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. आणि पक्षकाराने शक्य ते सारे करूनही अधिकारी ते देत नसेल, तर न्यायालयाने ते मागवावे. आता जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ आला आहे आणि त्याच्या कलम ६३ नेही प्रमाणपत्राची ही अट कायम ठेवली आहे.

कॅमेऱ्याला डोळे माणसापेक्षा चांगले असतील, त्याला पक्ष नसेल, पैसे खायची सवय नसेल. तरीही त्याने दाखवलेले चित्र न्यायालयात उभे राहण्यासाठी एका माणसाने त्याखाली सही करावी लागते. आपल्या जिल्हा न्यायालयांत अर्जावर प्रतिपक्षाने जे उत्तर द्यायचे असते, त्याला ‘म्हणणे दाखल करणे’ असे म्हणतात. वरच्या बाईंना लिहिलेले उत्तर आपण वाचले असेल, तर हा शब्द मला का आवडतो हे वेगळे सांगायला नको. सिस्टीमला म्हणणे दाखल करता येत नाही.

आणि आपल्या आईंनी त्या माणसाला दोष दिला नाही, हा त्यांचा मोठेपणा झाला. तो त्यांनी दाखवला म्हणून इतरांनी त्यावर निभावून न्यावे, असे होत नाही.

प्रश्न : मी गणितात एम.एस्सी. करतो आहे. चार रंगांच्या प्रमेयाची सिद्धता संगणकाने केली, असे आमच्या सरांनी सांगितले आणि लगेच पुढे म्हणाले, “पण ती काही खरी सिद्धता नव्हे.” कोणालाही वाचता न येणारी सिद्धता ही सिद्धता असते का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : इतर वाचकांसाठी आधी प्रश्न सांगतो. कोणताही सपाट नकाशा रंगवताना शेजारच्या दोन प्रदेशांना एकच रंग येऊ नये, यासाठी चार रंग पुरतात का? इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवताना फ्रान्सिस गथ्री या तरुणाला १८५२ साली ही शंका आली. १९७६ साली इलिनॉय विद्यापीठातील केनेथ अपेल आणि वोल्फगांग हाकेन यांनी ‘पुरतात’ असे सिद्ध केल्याचे जाहीर केले. पण त्यासाठी दीड हजारांहून जास्त आकृत्या एकेक करून तपासाव्या लागल्या आणि ते काम संगणकाने सुमारे बाराशे तासांत केले. एका माणसाला जन्मभरात ते हाताने तपासून होणार नाही.

आपल्या सरांची अडचण न्यायशास्त्राच्या भाषेत फार नेमकी मांडता येते. गणितातले ज्ञान अनुमानाने मिळते, अशी आपली समजूत. अनुमान ज्याचे त्याने करायचे असते. सिद्धतेची एकेक पायरी माझ्या बुद्धीला पटली पाहिजे. संगणकाने तपासले आणि आपण मानले, म्हणजे आपण अनुमान सोडून शब्दप्रमाणावर, दुसऱ्याने सांगितले म्हणून मानण्यावर, आलो. थॉमस टिमोच्को या तत्त्वज्ञाने १९७९ साली जवळपास अशीच तक्रार केली होती. गणितात यामुळे प्रयोग शिरला, असे तो म्हणाला. आता शब्दप्रमाण म्हणावे तर न्यायसूत्रानुसार तो आप्ताचा उपदेश असावा लागतो, आणि वात्स्यायनाने त्या सूत्रांवरच्या भाष्यात आप्ताची, म्हणजे विश्वास ठेवण्याजोग्या माणसाची, लक्षणे दिली आहेत: ज्याने ती गोष्ट साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही तो लिहितो. मला हे वाक्य फार प्रिय आहे. पण इतका उदार वात्स्यायनसुद्धा संगणकाला आप्त म्हणू शकला नसता, कारण दोन्ही अटी तेथे रिकाम्या राहतात.

एवढे मान्य करूनही मी आपल्या सरांच्या बाजूला जाणार नाही. याच प्रमेयाची एक सिद्धता आल्फ्रेड केंपे यांनी १८७९ साली प्रसिद्ध केली होती. ती छोटी, सुबक आणि कोणालाही वाचता येण्याजोगी होती. गणितज्ञांनी ती वाचली, वाखाणली आणि स्वीकारली. १८९० साली पर्सी हीवूड यांनी तिच्यातली चूक दाखवली. म्हणजे अकरा वर्षे वाचता येणारी, पटणारी आणि चुकीची सिद्धता गणितात मानाने नांदत होती. वाचता येणे हे खरे असण्याची हमी नव्हे. केंपे यांनी चूक मान्य केली, ही मात्र नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. अपेल-हाकेन यांच्या संगणकाला ती संधी मिळाली नसती, अपेल आणि हाकेन यांना मिळाली असती.

पुढे २००५ च्या सुमारास जॉर्ज गोंतिए यांनी ही सिद्धता ‘कॉक’ या सिद्धता तपासणाऱ्या प्रणालीत पहिल्या पायरीपासून पुन्हा लिहिली. त्या प्रणालीचा गाभा तुलनेने लहान असतो आणि माणसाला तो तपासता येतो. मग त्याच्यावर रचलेल्या लांबलचक तर्काची एकेक पायरी तो गाभा तपासतो. विश्वास ठेवण्याची जागा नाहीशी झाली नाही, पण ती बाराशे तासांवरून काही पानांवर आली. लॉगॅरिथमची कोष्टके वापरणाऱ्या आमच्या पिढीने त्यांतला एकही आकडा स्वतः काढून पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता, आणि तरीही त्यांच्या आधारावर पूल बांधले जात होते. सरांना एवढेच विचारा की त्यांच्या पदवीच्या अभ्यासक्रमातली किती प्रमेये त्यांनी मुळापासून स्वतः तपासली आहेत. प्रात्यक्षिकाचे गुण पदरात पडल्यावर विचारा, म्हणजे झाले.

प्रश्न : मी सातवीत आहे. माझ्या हातून आजोबांचा एक फोटो मोबाइलमधून कायमचा डिलीट झाला. शाळेत शिकवतात की कोणतीही वस्तू नष्ट होत नाही, तिचे रूप बदलते. मग फोटो गेला कुठे?
— एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : तुझा प्रश्न वाचून मी आधी चहाचा कप खाली ठेवला. दिवाळीत तुमच्या दारापुढे ठिपक्यांची रांगोळी काढतात ना? संध्याकाळी ती झाडून टाकली, की रांगोळीची पूड सुपलीत सापडते. पण कमळ सापडत नाही. कमळ ही वस्तू नव्हती, ठिपके आणि रेषा यांची ती मांडणी होती. शाळेत सांगतात ते पुडीविषयी खरे आहे. तुझ्या फोनमधला फोटोसुद्धा मांडणीच असतो: शून्य आणि एक अशा दोनच खुणांची, लाखो घरांतली. डिलीट म्हटल्यावर पुष्कळदा फोन ती घरे लगेच पुसत नाही. ‘ही जागा मोकळी समजावी’ एवढीच नोंद करतो आणि नंतर त्यावर दुसरे काही लिहितो. म्हणून आधी घरातल्या मोठ्यांना सांगून ‘अलीकडे डिलीट केलेले’ हा कप्पा बघ, आणि तो फोटो कोणाला पाठवला होता का ते आठव. ज्याच्याकडे कमळाचा नमुना आहे, त्याला ते पुन्हा काढता येते, आणि ते अगदी तेच कमळ असते.

पण समजा, तो कुठेच राहिला नाही. तर १९६१ साली रॉल्फ लँडाउअर नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलेली एक गोष्ट तुला सांगतो. लिहिलेली एक खूण कायमची पुसायची, तर निसर्ग त्याची थोडी किंमत घेतोच. कितीही चांगले यंत्र केले, तरी प्रत्येक खुणेमागे निदान एक ठरावीक, अतिशय सूक्ष्म उष्णता बाहेर पडते. २०१२ साली प्रयोगशाळेत ती मोजूनही पाहिली गेली. ती इतकी कमी असते की फोटोतल्या सगळ्या खुणांची मिळून तुला हाताला जाणवणार नाही. आजोबांचा फोटो ज्या क्षणी खरोखर पुसला गेला, त्या क्षणी तुझा फोन एवढासा, मोजता येईल न येईल इतका, ऊन झाला होता.